पुढचं शीड धरायला एक पाहुणा

होल्गर सुंदिनला फक्त एक माणूस हवा होता. शनिवारी दोन तास, होडीत पुढच्या बाजूला बसून शिडाचा दोर धरायला. एवढ्याशा मागणीपायी चौदा पानी अर्ज, धोक्यांचा तक्ता, चार मापांची जीवरक्षक जाकिटं आणि इमारतीच्या धुण्याच्या खोलीत जाहीर अपमान असं सगळं वाट्याला येईल हे कोणी आधी सांगितलं असतं, तर तो घरी शब्दकोडी सोडवत बसला असता. पण आमच्या गोथेनबर्गात आधी कोणी काही सांगत नाही. नंतर सांगतात, तेही चिठ्ठी चिकटवून.

त्याची होडी दोघांची होती. मालकी त्याची एकट्याची, पण बनावट दोघांची. फळीवर फळी चढवून बांधलेली, उघडी, लाकडी होडी. मागे बसून सुकाणू आणि मोठं शीड सांभाळायला एक माणूस आणि पुढचं लहान शीड या अंगाचं त्या अंगाला ओढायला दुसरा. एकतीस उन्हाळे ते दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको एब्बा होती. ती गेल्यावर दोन उन्हाळे होडी क्लबाच्या आवारात ताडपत्रीखाली पडून राहिली. होल्गर दर रविवारी जाऊन ताडपत्रीच्या गाठी तपासून यायचा. गाठी कधीच सुटलेल्या नसायच्या, पण रविवार फार लांबलचक असतो आणि तो कुठेतरी घालवावा लागतो.

तुम्ही म्हणाल, क्लबाचे दोनशे सभासद, त्यातल्या एकाला विचारायचं की! म्हणायला सोपं आहे. विचारलं, की समोरच्याला नाही म्हणण्याचा संकोच. तो हो म्हणाला, तर आपण त्याचा शनिवार खाल्ल्याचं ओझं. शिवाय विचारणं म्हणजे आपल्याला कोणी नाही हे कबूल करणं आलं, आणि ट्रामच्या वेळापत्रक खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असली कबुली देणं जड जातं. धक्क्यावर त्याच्या लगतच्या जागेवर यालमार नावाचा एक गृहस्थ असे. पांढरीशुभ्र, इंजिनाची, प्लास्टिकची बोट. अकरा वर्षं दोघं शेजारी. या अकरा वर्षांत यालमार त्याला "वारा आहे" असं म्हणाला होता, आणि वारा नसेल त्या दिवशी "वारा नाही" असं. यापुढे दोघांचंही घोडं गेलं नव्हतं.

म्हणून एप्रिलमध्ये शहराच्या पाहुणे-कचेरीने 'गावकऱ्यासोबत समुद्रावर' अशी योजना काढली, तेव्हा होल्गरला वाटलं की ही आपल्यासाठीच काढली आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला स्वतःच्या होडीतून फुकट फिरवून आणायचं, एवढंच. विचारण्याचा प्रश्नच नाही, पाहुणा स्वतःहून येणार, दोन तास दोर धरणार आणि आपल्या देशी निघून जाणार. कोणाचं कोणावर काही राहणार नाही.

अर्ज चौदा पानांचा निघाला. पान चारवर प्रश्न होता: आणीबाणीत बाहेर पडण्याचे मार्ग किती? उघडी होडी ती. होल्गरने प्रामाणिकपणे लिहिलं, 'सगळीकडून'. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या अनेलीचा फोन आला. ही मुलगी इतकी गोड बोलायची की तिच्यावर चिडताही येत नसे.

"होल्गर, फार छान अर्ज आहे तुझा. फक्त पान चार. 'सगळीकडून' चालत नाही रे. आकडा लागतो."

"पण होडीला भिंतीच नाहीत. माणूस पाहिजे तिथून बाहेर पडू शकतो. चुकून नाही पडला म्हणजे मिळवली."

"हो ना! मग चार लिहूया? उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम?"

"होडी वळते, अनेली."

मग अनेलीने वरिष्ठांना विचारलं आणि दोन दिवसांनी 'डावा व उजवा' यावर तडजोड झाली. पुढे खाण्याच्या पदार्थांची पाळी आली. होल्गरने हौसेने 'कॉफी आणि घरचे दालचिनीचे पाव' असं लिहून ठेवलं होतं. आता त्या पावात काय काय आहे याची यादी, आणि ती यादी होडीत दर्शनी जागी लावायची. होडीत दर्शनी जागा एकच, डोलकाठी. एब्बाच्या हस्ताक्षरातली पाककृती समोर घेऊन होल्गरने यादी केली. 'वेलदोडा, मूठभर' असं तिने लिहिलं होतं. ते अनेलीने परत पाठवलं, कारण मूठ कोणाची ते स्पष्ट नव्हतं. होल्गरला ते स्पष्ट होतं, पण त्याने ग्रॅम लिहिले.

शिडं धुवायला हवी होती. दोन वर्षं कपाटात राहून त्यांना कुबट वास लागला होता. आता आमच्याकडच्या इमारतींत तळघरात एक धुण्याची खोली असते आणि तिथल्या वहीत आपली वेळ आधी लिहावी लागते. ती वही किती पवित्र असते ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. नवरा-बायकोचे घटस्फोट लोक समजुतीने घेतात, पण वहीतली वेळ ओलांडणाऱ्याला माफी नाही. होल्गरने नऊ ते बारा अशी वेळ लिहिली आणि मोठं शीड वाळवण्याच्या खोलीत पसरलं. ते भिंतीपासून भिंतीपर्यंत आलं. घडी घालायला दोन माणसं लागतात हे त्याच्या ऐन वेळी लक्षात आलं. एकट्याने ते आवरून होईपर्यंत बारा वाजून बारा मिनिटं झाली.

संध्याकाळी धुण्याच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी होती. 'काहींना वाटतं की ही इमारत त्यांचीच आहे!!! – एक शेजारी.' जांभळ्या शाईने लिहिणारी इमारतीत एकच बाई होती, दुसऱ्या मजल्यावरची गुडरुन. वेळापत्रक खात्यातल्या माणसावर बारा मिनिटांचा ठपका म्हणजे काय हे तिला कळणं शक्य नव्हतं. होल्गर त्या रात्री नीट जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली, तेव्हा गुडरुन चिठ्ठीबद्दल अवाक्षर बोलली नाही. चिठ्ठी लिहिलेल्या विषयावर तोंडाने बोलायचं नसतं. त्याऐवजी तिने सल्ला दिला.

"परका माणूस होडीत घेणार आहेस म्हणे?"

"पाहुणा."

"एकच की. मळमळीच्या गोळ्या ठेव. जास्तीचे मोजे ठेव. आणि हे बघ, तू मुलखाचा घुमा. दोन तास गप्प बसलास तर तो माणूस घाबरून उडी मारेल. बोलायचे विषय लिहून ने."

घरी येऊन होल्गरने एका कागदावर लिहिलं: एक, खाडीच्या तोंडावरचा किल्ला. दोन, वारा. तीन, ट्राम. चौथा विषय त्याला सुचेना. दोन वर्षांत आपण कोणाशी कशाबद्दल बोललो ते त्याने आठवून पाहिलं, आणि मग कागद तीनच विषयांवर ठेवून दिला.

इकडे क्लबाचा सेक्रेटरी स्टीग वेगळाच फास घेऊन बसला होता.

"वसंतातल्या श्रमदानाला तू आला नव्हतास," स्टीग वहीत बोट ठेवून म्हणाला. "जो येत नाही त्याची होडी क्रेनने शेवटी उतरते. नियम आहे."

"मला ताप होता. मी तुला फोन केला होता."

"ते लिहिलंय. तापाने गैरहजर. पण गैरहजर तो गैरहजर. तुझी होडी बुधवारी, चौदा मेला. आणि यंदा पाण्यात उतरलीच पाहिजे, होल्गर. तिसऱ्या उन्हाळ्यातही जागा रिकामी दिसली तर ती यादीतल्या पुढच्याला जाते. लोक चौदा वर्षं थांबलेत."

याच सुमाराला होल्गरचं पान कचेरीच्या संकेतस्थळावर झळकलं. होडीचा फोटो, खाली 'अनुभवी गावकरी'. तीन आठवडे कोणी नोंदणी केली नाही. बाकीच्या गावकऱ्यांकडे जर्मन कुटुंबंच्या कुटुंबं लोटत होती. एकाकडे तर रांग लागली. अनेलीने धीर दिला, "तुझं पान अकरा वेळा उघडलं गेलंय!" त्यातल्या नऊ वेळा ते होल्गरने स्वतःच उघडलं होतं. मग एका सकाळी नोंदणी आली. तारीख: शनिवार, सतरा मे, सकाळी दहा. पाहुणे: एक. समुद्राची सवय: थोडी. खाण्याचं पथ्य: मनुका नकोत. नाव मात्र गुप्त ठेवायचा नियम होता. होल्गरने ते पान छापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलं आणि जातायेता वाचू लागला. या माणसाला मनुका आवडत नाहीत, एवढी जवळची माहिती त्याला बऱ्याच दिवसांत कोणाबद्दल मिळाली नव्हती.

बुधवारी होडी उतरणार आणि शनिवारी पाहुणा येणार. यात काय बिघडलं, ते लाकडी होडीवाल्याला सांगावं लागत नाही. दोन वर्षं कोरड्यात राहिलेल्या होडीच्या फळ्या आकसतात. होल्गर ताडपत्रीखाली शिरला तेव्हा फटींतून बाहेरचं आवार दिसत होतं, स्टीगसकट. अशी होडी पाण्यात टाकली की ती आधी यथास्थित भरते, मग फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात आणि गळती थांबते. याला आठवडा लागतो. होल्गरच्या हातात तीन दिवस होते. म्हणून त्याने बॅटरीवर चालणारा एक पंप आणला, होडीत बसवला आणि पाणी येईल तसं आपोआप उपसलं जाईल अशी व्यवस्था करून तो घरी गेला. गुरुवारी त्याने पाव केले, ते करपले. शुक्रवारी पुन्हा केले, मनुकांशिवाय. चार मापांची जाकिटं रांगेत मांडली. धक्क्यावर जावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण पंप होता ना.

पंपाने गुरुवारी सकाळीच मान टाकली होती.

शनिवारी साडेनऊला होल्गर पिशव्या घेऊन धक्क्यावर आला आणि जागच्या जागी उभा राहिला. होडी काठोकाठ भरली होती. पाण्याबाहेर फक्त डोलकाठी, कडांची रेघ, आणि त्या तळ्यात तरंगणारं एक वल्हं. डोलकाठीवर पदार्थांची यादी मात्र दर्शनी जागी होती. शेजारच्या पांढऱ्या बोटीवर यालमार उभा होता. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पाठीला पिशवी होती.

"वारा आहे," यालमार म्हणाला.

"ही... ही कधीपासून अशी आहे?"

"गुरुवारपासून."

"गुरुवारपासून! आणि तू बघत होतास?"

"बघत होतो. रोज."

"मग एक फोन नाही का करायचा?"

यालमारने बराच विचार केला. "मला वाटलं, मुद्दाम भिजत घातलीयस. लाकडी होड्या भिजवतात ना. म्हटलं, त्याला माहीतच असेल. आपण कशाला मधे पडा."

यालमारच्या जागी होल्गर असता तर त्यानेही हेच केलं असतं. इथे माणूस पाण्यात गटांगळ्या खाताना दिसला तरी, तो पोहत असेल, त्याच्या एकांतात व्यत्यय नको, असं म्हणून पुढे जाणारे लोक आपण, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकदम फार थकवा आला. तो धक्क्याच्या कडेला बसला. पावणेदहा झाले होते. आता कोणी परदेशी माणूस येणार, हे तळं बघणार, हसणार किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याची कीव करणार आणि परत जाणार. सकाळी ऊन करून आणलेले पाव डब्यात अजून कोमट होते. तो माणूस गेल्यावर ते एकट्याने घरी न्यावे लागणार होते. निदान यालमारने तरी आता आत जावं, हे बघायला थांबू नये, असं त्याला वाटत होतं. पण यालमार आत जाईना. तो आपल्या बोटीवरून धक्क्यावर उतरला आणि दोन हातांवर येऊन नुसता उभा राहिला. इतका जवळ तो अकरा वर्षांत कधी आला नव्हता.

बंदरावरच्या घड्याळात दहा झाले. यालमार खाकरला. पाठीवरच्या पिशवीतून त्याने एक घडी घातलेला कागद काढला आणि होल्गरपुढे धरला. कागदावर पाहुणे-कचेरीचा शिक्का होता.

"पाहुणा," यालमार म्हणाला. "एक."

होल्गरने कागद वाचला, यालमारकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "तू?"

"मी मोल्नदालला राहतो," यालमार घाईघाईने म्हणाला. जणू कोणी त्याला पकडलं होतं. "ती वेगळी नगरपालिका आहे. ट्रामने वीस मिनिटं लागतात, पण नियमाने मी बाहेरगावचा. मी कचेरीत विचारून घेतलं."

"अरे, पण माझ्या होडीत यायला तुला कचेरी कशाला लागते? तुझी बोट इथे आहे, माझी ही इथे!"

"म्हणूनच. तू नाही म्हणाला असतास तर मग रोज शेजारी कसं उभं राहायचं?"

होल्गरने स्वतः चौदा पानं याच भीतीने भरली होती.

"संकेतस्थळावर होडीचा फोटो दिसला," यालमार पुढे म्हणाला. एवढं सलग बोलायची सवय नसल्यामुळे तो दर वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबत होता. "दोन वर्षं तुझी जागा रिकामी होती. मी चहूकडे बघायचो, पण तिकडे बघणं टाळायचो. माझ्या बोटीला इंजिन आहे. एका माणसाला सगळं जमतं. विकताना दुकानदाराने हेच सांगितलं होतं, एकट्याने चालवता येते म्हणून. खरंच येते. म्हणून मग तिच्यात दुसरं कोणी कधी बसलंच नाही. मी पण आता बाहेर काढत नाही. नुसती पुसतो."

मग यालमारने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, आपल्या बोटीतून दोन बादल्या आणल्या आणि एक होल्गरच्या हातात दिली.

दोन तास दोघं पाणी उपसत होते. स्टीग येऊन, पाहुण्याला श्रमाला लावणं योजनेच्या नियमात बसतं का, असं विचारून गेला. गुडरुनने लिहून न्यायला सांगितलेला विषयांचा कागद होल्गरच्या खिशातून पाण्यात पडला आणि विरघळला. जाकिटांपैकी यालमारला एकही माप नीट बसेना. लहान पोराचं सोडून बाकी सगळी त्याने घालून पाहिली. पण होडी रिकामी झाली तेव्हा एक नवल दिसलं. तीन दिवस कोणी मधे न पडल्यामुळे ती मनसोक्त भिजली होती. फळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. एका कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी येत होतं, बस्स.

बाराच्या पुढे ते निघाले. यालमारला दोर धरता येत नव्हता. तो चुकीच्या वेळी सोडायचा आणि चुकीच्या वेळी ओढायचा, आणि वळताना डोलकाठीचा आडवा दांडा दोनदा त्याच्या डोक्यावरून थोडक्यात गेला. "सोड! आता ओढ! अरे, दुसरा!" होल्गर मागून ओरडत होता. दोन वर्षांत तो कोणावर ओरडला नव्हता, आणि त्याला ते फार बरं वाटत होतं. किल्ल्यापर्यंत काही ते पोचले नाहीत. पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घालून परत आले. पाव मात्र सगळे संपले.

सोमवारी अनेलीचा फोन आला.

"होल्गर! तुझ्या पाहुण्याने अभिप्राय दिलाय. 'गावकऱ्याशी संवाद: पुरेसा.' आणि गंमत म्हणजे पुढच्या शनिवारसाठी पुन्हा नोंदणी आलीय. एक माणूस. मनुका नकोत."

"माझं पान काढून टाक, अनेली."

"अगं बाई! का? काही तक्रार आहे का?"

"नाही," होल्गर म्हणाला. "जागा भरली."

फोन ठेवून तो ट्रामने थेट धक्क्यावर गेला. यालमार बोट पुसत होता. होल्गरला बघून त्याने आभाळाकडे पाहिलं, पण वाऱ्याबद्दल बोलायच्या आत होल्गरने त्याला गाठलं.

"पुन्हा अर्ज कशाला केलास?"

यालमारने फडकं घडी घालून ठेवलं. "मागच्या वेळी तसंच जमलं होतं. दुसरं कसं करतात ते मला माहीत नाही."

"हाक मारायची."

"हाक? इथून?"

"इथूनच. यायचं असलं की हाक मारायची. मी होडीतच असतो."

"आणि तुला वेळ नसला तर?"

"मला वेळ असतो," होल्गर म्हणाला. "मारून बघ. आत्ता."

यालमारने इकडेतिकडे पाहिलं. धक्क्यावर कोणी नव्हतं. त्याने घसा साफ केला, मान खाली घातली आणि शेजारच्या होडीपर्यंत जेमतेम पोचेल इतक्या आवाजात म्हणाला, "होल्गर."

होल्गरला ती हाक स्पष्ट ऐकू आली होती. पण दोन वर्षांत या धक्क्यावर कोणी त्याला नावाने हाक मारली नव्हती, आणि म्हणून त्याने लगेच ओ दिली नाही. तो पाठमोरा उभा राहिला, यालमारने पुन्हा एकदा, थोडी मोठ्याने हाक मारीपर्यंत.